गोल न करणाऱ्याची पारख

मैदान शाळेचे असो की विदर्भ हॉकी असोसिएशनचे, टाळ्या गोल करणाऱ्यालाच मिळतात. मागे उभा राहून सात वेळा चेंडू अडवणाऱ्या पोराचे नाव कोणी विचारत नाही. आठव्यांदा तो चुकला, की मात्र सगळ्यांना त्याचे नाव कळते! गझलेच्या शेरातही दाद दुसऱ्या ओळीला मिळते. पण तिला पेलून धरते ती पहिली ओळ. बचावपटू म्हणजे ती पहिली ओळ.

मग अशा पोराची पारख करायची कशी?

आधी त्याचे पाय पाहावेत. चांगला बचावपटू चटकन स्टिक घालत नाही. तो थोडा मागे सरतो, समोरच्याला कडेच्या रेषेकडे नेतो आणि चेंडू त्याच्या स्टिकपासून जरा सुटला, की मग तो काढून घेतो. घाईने झेपावणारा पोरगा शूर दिसतो खरा. पण ‘डी’मध्ये त्या घाईची किंमत पेनल्टी कॉर्नरने मोजावी लागते. दुसरे, चेंडू मिळाल्यावर तो काय करतो? नुसता दूर भिरकावतो, की मान वर करून साथीदाराला नेमका देतो? आणि तिसरे, चुकल्यानंतरच्या मिनिटात तो कसा खेळतो? ही परीक्षा सर्वांत कठीण.

ड्रॅग फ्लिक येत असेल तर सोन्याहून पिवळे. हरमनप्रीत सिंगने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल केले आणि त्याच वर्षी हॉकी इंडिया लीगच्या लिलावात त्याला ७८ लाखांची बोली लागली. पण सगळेच हरमनप्रीत नसतात. ओडिशाचा अमित रोहिदास पाहा. प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी कॉर्नरवर फटक्यासमोर सर्वांत आधी धावून जाण्याचे जिवावरचे काम त्याचे. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले. चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनी किल्ला लढवला आणि शूटआऊटमध्ये सामना जिंकला. बंदीमुळे उपांत्य सामन्यात तो नव्हता. जर्मनीने आपल्याला ३-२ असे हरवले. केवळ त्याच्या अभावी हरलो, असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी अनेकांना त्याची किंमत प्रथमच कळली.

आता पोटापाण्याचा प्रश्न. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली, ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली सात वर्षे ज्यांच्या उमेदीची होती, त्यांचे काय झाले असेल? म्हणून केवळ लीगच्या भरवशावर पोराचे शिक्षण सोडवू नये. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांच्या नोकऱ्यांनी हॉकीपटूंची घरे आजवर चालवली आहेत; त्यांसाठीही निदान बारावी, पदवी हाताशी असलेली बरी. आणि निर्णयापूर्वी त्याला टर्फवर खेळताना जरूर पाहावे. मातीवर चेंडू उसळतो, टर्फवर तो सरसर येतो. विचार करायला वेळ मिळत नाही.

फलटण तालुक्यातली अक्षता ढेकळे बचावपटू म्हणूनच भारतीय संघापर्यंत पोहोचली. म्हणजे वाट आहे. पुढच्या रविवारी सामना पाहायला गेलात, तर दहा मिनिटे चेंडू सोडून मागच्या त्या पोराकडे पाहा. आणि निघताना त्याचे नाव विचारा.