लास व्हेगासचे गणित आणि लेण्यांचे शहर

महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा तब्बल ४७ वर्षे कागदावर होता. मात्र या काळात राज्यात एकही अधिकृत कॅसिनो सुरू झाला नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये 'महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम' संमत झाला. तो कोणत्या दिवसापासून अमलात येईल, हे शासनाने अधिसूचनेद्वारे जाहीर करावयाचे होते. ती अधिसूचना कधीच निघाली नाही. कायदा लागू करावा, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि नंतर विधिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

कायदा गेला, तरी त्यामागील युक्तिवाद संपलेला नाही. कॅसिनो आले की मोठी हॉटेले येतात, हॉटेलांपाठोपाठ पर्यटक येतात आणि पर्यटकांबरोबर रोजगार व महसूल येतो, असे त्याचे स्वरूप आहे. राज्याची पर्यटन राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने हा युक्तिवाद तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी आधी ही हॉटेले चालतात कशी, हे समजून घ्यायला हवे.

वाळवंटातील रोषणाई

अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ मध्ये, ऐन आर्थिक मंदीत, जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. त्याच वर्षी लास व्हेगासजवळ कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाचे काम सुरू झाले आणि हजारो मजूर या वाळवंटात आले. १९४१ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर, महामार्गाच्या कडेला 'एल रांचो व्हेगास' हे कॅसिनो हॉटेल उभे राहिले. त्यानंतर १९४६ मध्ये 'फ्लेमिंगो' आणि १९६६ मध्ये 'सीझर्स पॅलेस' आले. जगभर 'स्ट्रिप' म्हणून प्रसिद्ध असलेला हा रस्ता बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत मोडतच नाही. शहराचे कर टाळता यावेत, हा त्यामागील एक हेतू होता.

अवाढव्य हॉटेलांचे खरे युग सुरू झाले ते १९८९ मध्ये. दारातच कृत्रिम ज्वालामुखी आणि सुमारे तीन हजार खोल्या असलेले 'मिराज' त्या वर्षी उघडले. १९९३ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचे 'लक्सर' आणि पाच हजारांहून अधिक खोल्यांचे 'एमजीएम ग्रँड' आले. १९९८ मध्ये नाचत्या कारंज्यांचे 'बेलाजिओ', तर १९९९ मध्ये व्हेनिसचे कालवे व होड्या वाळवंटात आणणारे 'व्हेनेशियन' उभे राहिले. या नगरीत हॉटेलांचे आयुष्यही अल्प असते. ज्या 'मिराज'ने हे युग सुरू केले, तेच जुलै २०२४ मध्ये बंद झाले.

अडतीस घरांचे गणित

एवढा डोलारा कशावर उभा राहतो? त्याचे उत्तर रूलेटच्या चक्रात सापडते. अमेरिकी पद्धतीच्या चक्रावर १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य अशी ३८ घरे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावणाऱ्याचा आकडा आला, तर त्याला पस्तीसपट, म्हणजे ३,५०० रुपये मिळतात आणि स्वतःचे १०० रुपये परत मिळतात. आता एखाद्याने सर्व ३८ घरांवर प्रत्येकी १०० रुपये लावले, असे समजू. खर्च झाला ३,८०० रुपये. हाती आले ३,६०० रुपये. मधले २०० रुपये कॅसिनोचे. हे प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडते. युरोपीय चक्रात शून्य एकच असल्याने ते २.७ टक्के इतके असते. गावाकडच्या अड्ड्यावर चालक आपली 'नाल' उघडपणे मागून घेतो; येथे ती चक्राच्या रचनेतच वळती करून घेतलेली असते. त्यासाठी लबाडी करावी लागत नाही.

एका डावात कोणीही जिंकू शकतो. परंतु डावांची संख्या वाढत जाते, तसतसे नशिबाचे चढउतार एकमेकांत मिसळून जातात आणि उरतो तो केवळ टक्का. दर डावाला १०० रुपये लावणारा पाहुणा तासाला ४० डाव या वेगाने तीन तास खेळला, तर त्याने एकूण १२ हजार रुपये पणाला लावलेले असतात. त्याचे सरासरी नुकसान होते सुमारे ६३० रुपये. तोच पाहुणा तीन दिवस मुक्कामाला राहून रोज चार तास खेळला, तर हे नुकसान अडीच हजारांवर जाते. कॅसिनोला हॉटेल कशासाठी लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे. पाहुण्याचा वेळ हाच येथील कच्चा माल असतो.

या व्यवसायाचे मानसशास्त्र वेरूळकरांना अपरिचित नाही. वेरूळच्या ब्राह्मणी लेण्यांत, विशेषतः १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत, शंकर-पार्वती सारीपाट खेळत असल्याची शिल्पे आहेत. डाव हरलेले महादेव आणखी एक डाव मागत आहेत, असा अर्थ अभ्यासकांनी या प्रसंगाचा लावला आहे. तो देवादिकांचा विनोद आहे. कॅसिनोचा धंदा मात्र या 'आणखी एका डावा'वरच चालतो.

खोली स्वस्त, मुक्काम महाग

हे लक्षात घेतले की कॅसिनो हॉटेलच्या रचनेचा उलगडा होतो. जुन्या पद्धतीच्या कॅसिनोत भिंतीवर घड्याळ नसते आणि खिडक्याही नसतात. त्यामुळे दिवस कधी मावळला, हे कळत नाही. खोलीकडे, भोजनगृहाकडे किंवा नाट्यगृहाकडे जाण्याची वाट खेळाच्या टेबलांमधूनच काढलेली असते. मोठ्या रकमा लावणाऱ्यांना खोली, जेवण, प्रसंगी विमानाचे तिकीटही मोफत दिले जाते. ही उधळपट्टी नसून गुंतवणूक असते.

गेल्या पाव शतकात यात मोठा बदल झाला आहे. स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न आता खोल्या, खाद्यपेये, गाण्या-नाट्याचे कार्यक्रम, खरेदी आणि व्यापारी परिषदांतून येते. म्हणजे ज्या नगरीचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, ती स्वतः जुगारावर पूर्वीइतकी विसंबून राहिलेली नाही.

मकाव आणि सिंगापूर

पोर्तुगीजांकडून १९९९ मध्ये चीनच्या ताब्यात आलेल्या मकावने याच्या उलट वाट धरली. तेथील एकाच गटाची मक्तेदारी संपुष्टात आल्यावर अमेरिकी कंपन्या आल्या आणि २००६ मध्ये मकावने जुगाराच्या उत्पन्नात लास व्हेगासच्या स्ट्रिपला मागे टाकले. सरकारी तिजोरी प्रामुख्याने याच उत्पन्नावर भरू लागली. त्याची किंमत २०२० मध्ये कळली. करोनामुळे सीमा बंद झाल्या आणि त्या एका वर्षात कॅसिनोंचे उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी घटले.

सिंगापूरने २००५ मध्ये परवानगी दिली ती अटी घालूनच. २०१० मध्ये 'मरीना बे सँड्स' आणि 'रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा' ही दोन संकुले सुरू झाली. संग्रहालये, परिषदगृहे, नाट्यगृहे आणि हजारो खोल्या उभारणे त्यांना बंधनकारक होते; प्रत्यक्ष जुगारासाठी मिळालेली जागा संकुलाच्या मानाने अगदी लहान होती. विशेष म्हणजे सिंगापूरच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशासाठी आधी १०० आणि २०१९ पासून १५० सिंगापूर डॉलर शुल्क भरावे लागते. परदेशी पर्यटकांना ते नाही. पैसा बाहेरच्यांचा यावा, घरच्यांचा जाऊ नये, असा हा सरळ हिशेब आहे.

मांडवीतील जहाजे

भारतात जुगार हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना मुभा दिली. पुढे १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांवरील खेळांनाही परवानगी मिळाली. त्यामुळेच पणजीच्या मांडवी नदीत नांगरलेली, रात्रभर दिव्यांनी झगमगणारी जहाजे ही गोव्याची एक ओळख बनली. ती नदीतून हलवावीत, ही मागणी अनेक निवडणुकांत गाजली. पण महसुलाचा प्रश्न आड येत राहिला. २०२० मध्ये गोवा सरकारने स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर केली. सिंगापूरप्रमाणेच गोव्यालाही घरच्या माणसाचे रक्षण करण्याची गरज वाटली, ही बाब बोलकी आहे.

न्यायव्यवस्थेनेही जुगाराकडे अन्य धंद्यांप्रमाणे पाहिलेले नाही. तत्कालीन मुंबई राज्यातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेवरून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले, की जुगाराला व्यापार-व्यवसायाच्या मूलभूत हक्काचे संरक्षण मिळू शकत नाही. करांचा बोजाही वाढत गेला. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंवरील २८ टक्के वस्तू व सेवा कर पणाच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर नेण्यात आला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर तर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदीच घातली.

लेण्यांच्या शहराला काय हवे?

लास व्हेगासकडे दाखवण्याजोगे प्राचीन असे काहीच नव्हते. म्हणून तेथे पिरॅमिड आणि व्हेनिसचे कालवे उसने आणावे लागले. संभाजीनगरची स्थिती नेमकी उलट आहे. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही लेण्यांना युनेस्कोने १९८३ मध्येच जागतिक वारसास्थळांचा दर्जा दिला. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा १०० किलोमीटरवर आहे. दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि खुलताबाद वाटेवर आहेत.

येथील पर्यटनावर पोट असलेला माणूसही हॉटेलच्या चार भिंतींत नसतो. लेण्यांतील मार्गदर्शक, टॅक्सी व रिक्षाचालक, हिमरू विणणारा कारागीर, पैठणीचा विक्रेता, वेरूळच्या रस्त्यावरील लहान खानावळ या सर्वांचे उत्पन्न पर्यटक बाहेर पडतो तेव्हाच सुरू होते. कॅसिनो हॉटेलचे सारे कौशल्य मात्र पाहुण्याने बाहेर पडू नये, यासाठी खर्ची पडते. त्यामुळे पर्यटकांची संख्या वाढली, तरी त्यांच्या खिशातील पैसा याच माणसांपर्यंत पोहोचेल, याची खात्री देता येत नाही. शिवाय सिंगापूरसारखा परदेशी पाहुण्यांचा अखंड ओघ नसेल, तर टेबलाभोवती बसणारे बहुतेक जण जवळपासच्या जिल्ह्यांतलेच असतील. पावसाच्या लहरीवर शेतीचे उत्पन्न ठरणाऱ्या मराठवाड्यात त्या सव्वापाच टक्क्यांचा अर्थ वेगळा होतो.

याचा अर्थ लास व्हेगासकडून शिकण्यासारखे काहीच नाही, असा नाही. अनेक पर्यटक दिवसभर लेणी पाहून संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बसतात आणि दुसऱ्या दिवशी शिर्डीची वाट धरतात, ही या शहराची जुनी उणीव आहे. सोनेरी महालात होणारा वेरूळ-अजिंठा महोत्सव या दिशेने चांगला प्रयत्न आहे. पण तो मोजक्या दिवसांचा असतो. वर्षभर चालणारे संध्याकाळचे नृत्य-संगीताचे कार्यक्रम, शेंद्रा-बिडकीनच्या उद्योगनगरीला जोडून मोठी परिषदगृहे, विमानसेवेची वाढ आणि लेण्यांकडे जाणारे नीटनेटके रस्ते यांतून पाहुण्याचा मुक्काम एका दिवसाने वाढला, तरी त्याचा लाभ थेट रिक्षाचालकापासून विणकरापर्यंत पोहोचेल. स्ट्रिपवरील हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न आज अशाच गोष्टींतून येते. तो भाग उचलण्यासाठी जुगाराच्या टेबलाची गरज नाही.