त्रिमितीय प्रतिकृतीवरील पोत सरकतो तेव्हा

शिलालेख, मूर्ती वा वीरगळ यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांपासून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती सिद्ध करण्याची पद्धत पुराणवस्तूंच्या नोंदीसाठी आता रूढ झाली आहे. अशी प्रतिकृती एका आज्ञावलीतून दुसरीत नेली असता कधी कधी विपरीत दृश्य दिसते. आकार तसाच राहतो. परंतु अक्षरांच्या जागी चौथऱ्याचा दगड येतो आणि शेवाळाचे डाग मूर्तीच्या मुखावर उमटतात. नोंद नासली असे समजून ती टाकून दिली जाते. वस्तुतः बहुधा काहीही नष्ट झालेले नसते.

प्रतिकृतीत आकार आणि पृष्ठभागाचे सपाट चित्र, म्हणजेच पोत, या गोष्टी वेगवेगळ्या साठविलेल्या असतात. असे चित्र आकारावर चढविण्याची रीत एडविन कॅटमल यांनी अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या १९७४ मधील प्रबंधात मांडली. आकाराच्या प्रत्येक कोनबिंदूसोबत दोन अंक असतात : चित्रावर आडवे किती जावे आणि उभे किती. त्यांस यू व व्ही म्हणतात. चित्राची पूर्ण रुंदी किंवा उंची म्हणजे १.

घोटाळा होतो तो मोजणी कोठून सुरू करावयाची याविषयी. ब्लेंडर ही आज्ञावली खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजते, तर जीएलटीएफ या देवघेवीच्या स्वरूपात मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. दक्षिण बांधापासून मोजलेली पावले उत्तर बांधापासून टाकली, तर माणूस भलत्याच जागी पोहोचणार. उपाय मात्र सोपा आहे. व्हीचा अंक १ मधून वजा करावा; ०.२५ चे ०.७५ होतात. चांगल्या आज्ञावली हे रूपांतर स्वतःच करतात. ते राहून गेले अथवा दोनदा झाले की दोष दिसतो. छायाचित्रांवरून केलेल्या पोतात शेकडो लहान तुकडे मांडलेले असल्यामुळे ही एकच चूक सर्वनाशासारखी भासते.

अशा वेळी एकेक तुकडा हाताने सरकवून जुळविण्याचा मोह होतो. नोंदीच्या बाबतीत तो घातकच म्हटला पाहिजे, कारण मग प्रतिकृती पुरावा न राहता सजावट ठरते. त्याऐवजी मूळ पोत काढून क्रमांक घातलेल्या चौकटींचे चित्र बसवावे आणि दोन्ही आज्ञावलींत एकाच ठिकाणी तोच क्रमांक येतो काय, हे ताडून पाहावे. स्तंभ तेच, पण ओळी वरखाली झाल्या असल्यास दोष आरंभबिंदूचा. चौकटी केवळ लहानमोठ्या झाल्या वा सरकल्या असल्यास पुनरावृत्तीचे आणि स्थानांतराचे अंक मागे राहिले आहेत. काहीच मेळ नसेल, तर यू-व्हीचा दुसराच संच निवडला गेला असण्याचा संभव असतो.

रंगाचा पोत जुळला तरी उठावाचा पोत स्वतंत्रपणे तपासावा. त्यातील हिरव्या रंगाचा अर्थ ब्लेंडर आणि अनरिअल या आज्ञावली परस्परविरुद्ध लावतात. तो उलटविला नाही, तर वरून प्रकाश पडत असता कोरलेल्या आडव्या रेघा उठावदार भासतात. झिजलेल्या लेखात तेवढ्याने अक्षराचे वाचन बदलू शकते.