बाटली कधी उघडायची? कॉम्प्युटरला विचारा!

‘वाईन जितकी जुनी, तितकी चांगली’ हा समज आपल्याकडे भलताच पक्का आहे. त्यामुळे भेट आलेली बाटली कपाटात जाते आणि तिथेच नासते. रायपूरसारख्या तापत्या शहरात तर जरा लवकरच! घरातल्या साठ्याचा हिशेब ठेवणारं साधं सॉफ्टवेअर ही नासाडी टाळू शकतं. मात्र त्याला काय विचारायचं, ते आधी कळायला हवं.

लोणच्याची बरणी कधी भरली, मुरांबा कोणत्या उन्हाळ्यातला, चिंच नवी की जुनी... घरातल्या जाणत्या बाईला हे सगळं तोंडपाठ असतं. पण त्याच घरात, शोकेसमध्ये क्रॉकरीशेजारी दिमाखात उभी असलेली वाईनची बाटली कधी आली, कोणी दिली, ती कधीपर्यंत चांगली राहील, हे विचारून बघा. ‘असेल चार-पाच वर्षांपूर्वीची. राहू दे, जुनी होतेय तेवढी चांगलीच!’ असंच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल.

खरी गोम इथेच आहे. वाईन लोणच्यासारखी सरसकट मुरत नाही. जगात तयार होणारी बहुतेक वाईन वर्ष-दोन वर्षांत, फार तर पाच वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षं ठेवून खुलणाऱ्या बाटल्या थोड्या, त्या महाग आणि त्यांना सांभाळण्याची तऱ्हाही वेगळी. बस्तरमध्ये सल्फीच्या झाडाचा रस काढतात, तो त्याच दिवशी प्यायचा, हे तिथल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. बाटलीबंद वाईनच्या बाबतीत मात्र आपण झाकणावर विश्वास ठेवून निर्धास्त होतो.

नाशिकची द्राक्षं, घरातली बाटली

मराठी घरांत वाईन आली ती अलीकडे. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाईन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात पाठवली. पुढे राजीव सामंत हा स्टॅनफर्डला शिकलेला तरुण अमेरिकेतल्या ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून नाशिकला परतला. गंगापूर धरणाच्या परिसरात त्याने वाईनची द्राक्षं लावली आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं खास धोरण आखलं आणि नाशिक ही भारताची वाईन राजधानी म्हणून ओळखली जाऊ लागली.

बाटली घरात आली, पण ती ठेवायची कशी हे ज्ञान काही तिच्याबरोबर आलं नाही. युरोपात जुन्या घरांखाली दगडी तळघरं असतात. तिथे बाराही महिने गारवा असतो. आपल्याकडे चौबे कॉलनीतल्या फ्लॅटला तळघर कुठून आणणार?

पंचेचाळीस अंशांतला पाहुणा

वाईनला मानवणारं तापमान साधारण 12 ते 14 अंश सेल्सिअस. रायपूरला मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणं नवलाचं नाही. बंद खोलीतलं कपाट अशा वेळी भट्टीच होतं. या उष्णतेत वाईन ‘शिजते’. ताज्या फळाचा वास जाऊन करपलेल्या जॅमसारखी चव येते, पांढऱ्या वाईनचा रंग तपकिरीकडे झुकतो, आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो आणि बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ दिसतात. दिवसा एसी आणि रात्री उकाडा, ही तापमानाची चढउतारही तितकीच वाईट. उजेड हा तिसरा शत्रू. म्हणजे शोकेसमधल्या दिव्याखाली उभी असलेली बाटली एकाच वेळी तिन्ही शत्रूंच्या तोंडी दिलेली असते!

मग फ्रिजचं काय? काही आठवड्यांसाठी घरचा फ्रिज उत्तम. पण त्यातली हवा कोरडी असते. बाटली फार महिने तिथे राहिली तर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. बूच ओलं राहावं म्हणून अशी बाटली आडवी ठेवतात. अनेक भारतीय वाईनना आता फिरकीचं झाकण असतं, त्यांना हा नियम नाही.

वाईनसाठी वेगळं शीतकपाट मिळतं. ते घेताना बाटल्या किती मावतात एवढंच न बघता त्याचा हवामान वर्ग पाहावा. ‘एन’ वर्गाचं यंत्र बाहेर 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ 38 पर्यंत आणि ‘टी’ 43 अंशांपर्यंत नीट चालावं अशा बेताने बनवलेलं असतं. रायपूरसाठी ‘टी’च हवं, आणि तेही घरातल्या सर्वांत गार खोलीत.

वहीची किंमत लाखांत

आता हिशेबाकडे वळू. साठ्याची वही ठेवणं ही काही कॉम्प्युटर युगातली टूम नव्हे. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन वाईनचे मोठे दर्दी. 1780च्या दशकात पॅरिसमध्ये वकिलात सांभाळत असताना काय मागवलं, किती आलं, काय भाव पडला, हे ते बारकाईने लिहून ठेवत. 

त्यांच्या या सवयीचं महत्त्व दोनशे वर्षांनी कळलं. डिसेंबर 1985 मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज लिलावात 1787च्या शातो लाफीतची एक बाटली 1 लाख 5 हजार पौंडांना विकली गेली. तिच्यावर ‘टीएच.जे.’ ही अक्षरं कोरलेली होती, म्हणजे ती जेफरसन यांची असल्याचं मानलं गेलं. अमेरिकेतल्या फोर्ब्स कुटुंबाने ती घेतली. पण जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या घराच्या अभ्यासकांनी त्यांची कागदपत्रं चाळली, तेव्हा अशा बाटलीची नोंदच सापडली नाही! अशाच चार बाटल्या घेणारे उद्योगपती बिल कॉक यांनी 2006 मध्ये, या बाटल्या बाजारात आणणाऱ्या जर्मन संग्राहकाविरुद्ध फसवणुकीचा दावा दाखल केला. त्या संग्राहकाने आरोप नाकारले, पण बाटल्यांवरचा संशय काही फिटला नाही. 

आणि फोर्ब्स यांच्या बाटलीचं काय झालं? ती प्रदर्शनात दिव्याखाली उभी करून ठेवली होती. उष्णतेने बूच सुकलं, आकसलं आणि आत पडलं. लाखाची बाटली आणि दोष तोच, आपल्या शोकेसमधला!

वहीतून पडद्यावर

मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले सिएटलचे एरिक लेवाईन यांना वाईनचा नाद लागला आणि बाटल्यांचा हिशेब हाताबाहेर जाऊ लागला. तेव्हा 2003 साली त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक प्रोग्राम लिहिला. मित्रांनाही तो हवासा वाटला आणि 2004 मध्ये त्यांनी तो सर्वांना खुला केला. हाच ‘सेलरट्रॅकर’. बाटलीचं नाव टाकलं की बाकीची माहिती बहुधा आधीच कोणीतरी भरून ठेवलेली सापडते. आपण फक्त किती बाटल्या, कुठे ठेवल्या, काय भावाने घेतल्या, एवढंच भरायचं. 2010 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं ‘विविनो’ हे ॲप मोबाईलने काढलेल्या लेबलच्या फोटोवरून वाईन ओळखतं आणि इतरांचे अभिप्राय दाखवतं.

पण घरात पाच-पंचवीस बाटल्या असतील तर यातलं काहीच नसलं तरी अडत नाही. ज्या एक्सेलमध्ये मुलाच्या फीचा आणि दूधवाल्याचा हिशेब ठेवता येतो, त्यातच वाईनचं रजिस्टर बसतं. आठ रकाने पुरे: अनुक्रमांक, वाईनचं नाव, लेबलवरचं वर्ष, घरात आल्याची तारीख, किंमत किंवा कोणी दिली, ठेवल्याची जागा, ‘या तारखेच्या आत उघडा’ आणि शेवटी ‘कशी लागली’. अनुक्रमांकाची छोटी चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात अडकवायची. बाटली काढली की चिठ्ठी कॉम्प्युटरजवळच्या वाटीत टाकायची, म्हणजे त्या दिवशी विसरलेली नोंद रविवारी तरी होते. ही वाटी नसेल तर कितीही भारी सॉफ्टवेअर महिन्याभरात खोटं बोलू लागतं!

सर्वांत मोलाचा रकाना सातवा. यादी त्या तारखेप्रमाणे लावायची आणि मुदत तीन महिन्यांवर आली की ओळ आपोआप लाल व्हावी अशी सूचना एक्सेलला देऊन ठेवायची. घरी पाहुणे येणार असले की बाटल्या हाताळत बसायला नको. पहिली लाल ओळ, तीच उघडायची.

तारीख ठरवायची कशी?

ढोबळ हिशेब असा. हलकी पांढरी आणि गुलाबी वाईन तयार झाल्यापासून एक-दोन वर्षांत. साधी लाल वाईन दोन-तीन वर्षांत. लाकडी पिंपात ठेवलेली ‘रिझर्व्ह’ लाल वाईन, नीट गारव्यात ठेवली तर, पाच किंवा त्याहून थोडी अधिक वर्षं. वर्ष न छापलेली फेसाळ वाईन घरात आल्यापासून वर्ष-दीड वर्षात.

यात एक खुबी आहे. नाशिकला वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, फ्रान्स-इटलीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे दोन्ही बाटल्यांवर 2023 छापलेलं असलं तरी नाशिकची वाईन सहा-सात महिन्यांनी मोठी! रजिस्टर भरताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सॉफ्टवेअरमध्ये जी ‘पिण्याची मुदत’ दिसते, ती बाटली गार तळघरात आहे असं गृहीत धरून दिलेली असते. परदेशातल्या माणसाने ‘2030 पर्यंत उत्तम’ लिहिलं, म्हणून ते रायपूरच्या कपाटातल्या बाटलीला लागू होत नाही. शीतकपाट नसेल तर नियम एकच ठेवावा: बाटली कोणतीही असो, होळीच्या आत उघडायची. उन्हाळा तिला कपाटात दाखवायचाच नाही.

कॉम्प्युटर जे सांगत नाही

नाशिक रोडहून सुटलेली गाडी नागपूर, गोंदिया करत थेट रायपूरला येते. पण बाटलीचा प्रवास इतका सरळ नाही. मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे. छत्तीसगडमध्ये 2017 पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाने हाती घेतली. दुसऱ्या राज्यातून बाटली आणण्याचे आणि घरात किती साठा ठेवायचा याचे नियम असतात आणि ते बदलतातही. तेव्हा आणण्याआधी अबकारी कार्यालयात चौकशी करावी. परदेशातून येणाऱ्या जावयालाही सीमाशुल्क खात्याच्या नियमांची आठवण करून द्यावी. 2016च्या नियमांनी प्रत्येक प्रवाशाला करमुक्त मद्य दोन लिटरपर्यंतच आणण्याची सवलत दिली.

इथेही रजिस्टर कामाला येतं. एक बाटली 750 मिलीलिटरची, म्हणजे डझनभर बाटल्या झाल्या की नऊ लिटर. एकूण लिटरची बेरीज यादीच्या तळाशी आपोआप दिसत राहिली आणि प्रत्येक अनुक्रमांकाची पावती एका फाईलमध्ये ठेवली की आपण मर्यादेत आहोत का, ते कोणाला विचारावं लागत नाही.

आणि शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरला तर तो आणखी एक गोष्ट सांगतो. महिन्याभरात घरात किती बाटल्या उघडल्या गेल्या, ती! दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘कधीतरी एखादा ग्लास’ म्हणणाऱ्याने हा आकडा अधूनमधून जरूर बघावा.

एवढं कराच!

• घरातल्या सगळ्या बाटल्या एकदा बाहेर काढा, क्रमांक द्या, यादी करा. पाच वर्षांहून जुनी साधी वाईन असेल तर आणखी थांबू नका.

• शोकेसमधली बाटली आजच काढा. शोभेला रिकामी बाटली चालते.

• बूच असलेली बाटली आडवी, अंधारात आणि गॅसपासून लांब ठेवा.

• उघडलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी दोन-तीन दिवसांत, लाल तीन-चार दिवसांत संपवा. उरलेली लाल वाईन मटणाच्या रश्श्यात चालते.

• यादीची एक प्रत दुसरीकडे ठेवा. कॉम्प्युटर बिघडला तरी गळ्यातल्या चिठ्ठ्या आणि छापील कागद हाताशी हवा.

बाटली राखून ठेवली ती एखाद्या आनंदाच्या दिवसासाठी. मुलीचा निकाल, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, जुन्या मित्राची अवचित भेट. पण त्या दिवशी बूच काढलं आणि आत आंबट पाणी निघालं, तर राखून काय उपयोग? म्हणून होळीपूर्वी एका रविवारी यादी करायला बसा. लाल झालेली पहिली ओळ दिसेल, तोच आनंदाचा दिवस समजा!