आयफोन पुढे कोणाकडे? अंदाज बरोबर, तरी माल अडकला!

"अमुक फोन आता तमुक कंपनीकडे येणार" असं कानावर आलं की आपला हात लगेच ऑर्डरकडे जातो. माझाही गेला होता. नुसत्या अफवेवर कव्हरं भरली आणि 18 हजार अडकले.

म्हणून अमेरिकेतली ही गोष्ट बघा. 2007 मध्ये आयफोन तिथे फक्त एटी अँड टीकडे आला. पुढचा नंबर कोणाचा, यावर तीन-साडेतीन वर्षं चर्चा चालली. बहुतेकांचं बोट व्हेरायझनकडे. पण अडचणी दोन होत्या: एटी अँड टीशी झालेला करार, आणि व्हेरायझनचं सीडीएमए नेटवर्क. आयफोन तर जीएसएमचा! शेवटी ॲपलने सीडीएमएचा वेगळा आयफोन 4 काढला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये तो व्हेरायझनवर आला. ऑक्टोबरमध्ये स्प्रिंट, एप्रिल 2013 मध्ये टी-मोबाइल.

आता खरी गंमत ऐका. त्या नव्या फोनचं सायलेंटचं बटण किंचित सरकलं होतं. जुन्या आयफोन 4 ची बरीच कव्हरं त्याला बसेचनात! म्हणजे कंपनीचा अंदाज बरोबर, तरी माल चुकीचा.

म्हणून ऑर्डरआधी तीन गोष्टी विचारा. करार कधी संपतोय? नेटवर्कला फोन चालतो का? मॉडेल तेच आहे का? उत्तर नसेल तर दहाच पीस घ्या, तेही परत घेण्याच्या बोलीवर. चार दिवस उशीर झाला तर थोडं गिऱ्हाईक जाईल. भांडवल अडकलं तर दुकान अडकतं.