वल्हवण्याचे यंत्र : बळ पायांचे, शिस्त क्रमाची

आजच्या धकाधकीच्या जीवनात शरीराला पुरेसे श्रम घडत नाहीत. परिणामी मधुमेह, रक्तदाब व स्थूलता हे विकार घरोघरी आढळू लागले आहेत. अशा वेळी कोणी व्यायामशाळेची वाट धरतो, तर कोणी घरीच एखादे यंत्र आणतो. रोइंग मशीन, अर्थात वल्हवण्याचे यंत्र, हे त्यांपैकी एक अत्यंत उपयुक्त साधन होय. मात्र योग्य पद्धत न शिकता ते वापरल्यास कंबर धरते आणि थोड्याच दिवसांत त्या यंत्रावर कपडे वाळत पडलेले दिसतात.

जमिनीवर वल्हवण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी कॅब्रियास याने नवशिक्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर लाकडी चौकटींवर बसवून सराव दिला, असे प्राचीन ग्रंथात नमूद आहे. आधुनिक काळात अमेरिकेतील ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली सायकलच्या चाकाचा उपयोग करून असे यंत्र बनविले. आज व्यायामशाळांत दिसणारी अनेक यंत्रे याच धाटणीची आहेत. सरकते आसन, पाय बांधण्याचे पट्टे, साखळीला जोडलेली मूठ आणि वारा कापणारे चक्र, एवढाच त्याचा संसार!

या यंत्राविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे हा हातांचा व्यायाम आहे. वस्तुतः यात निम्म्याहून अधिक जोर पायांचा असतो. त्यानंतर धड आणि शेवटी हात. ओढताना प्रथम पायांनी रेटावे, पाय सरळ होत आले की कमरेतून किंचित मागे झुकावे आणि मग मूठ बरगड्यांच्या खालच्या भागापर्यंत आणावी. परतताना हाच क्रम उलटा : आधी हात सरळ, मग धड पुढे आणि शेवटी गुडघे वाकवावेत. पाठ कोठेही पोक काढून वाकवू नये, मूठ आवळून धरू नये. ओढताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा. ओढण्यास जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे दुप्पट वेळ परतण्यास द्यावा. तोच विसावा पुढच्या ओढीला बळ देतो.

चक्राच्या बाजूला १ ते १० आकड्यांची कळ असते. १० वर ठेवले म्हणजे व्यायाम उत्तम झाला, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ही कळ सायकलच्या गिअरसारखी आहे. आपण जितक्या जोराने रेटू, तितका वाऱ्याचा विरोध आपोआप वाढतो. म्हणून नवशिक्यांनी ती ३ ते ५ च्या दरम्यान ठेवावी. मिनिटाला १८ ते २२ ओढी पुरेशा आहेत.

प्रारंभी आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटे वल्हवावे आणि हळूहळू वेळ वाढवावा. वल्हवताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता यावीत, इतकाच वेग असावा. प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. या यंत्रावर बसून व्यायाम होत असल्याने धावण्याप्रमाणे गुडघ्यांना हादरे बसत नाहीत. तथापि शरीराचा भार पायांवर पडत नसल्यामुळे हाडांच्या बळकटीसाठी चालणेही चालू ठेवावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मणक्याचा त्रास अथवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

वल्हवण्यासाठी समुद्रकाठीच जन्म घ्यावा लागतो असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यावर नौकानयन शिकले. २०१६ साली ते रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेराव्या स्थानी आले आणि २०१८ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताच्या चौघांच्या संघात होते.

आपल्याला पदक जिंकायचे नाही, वयाच्या साठीतही जिना न थकता चढायचा आहे. त्यासाठी ताकदीपेक्षा क्रम आणि घाईपेक्षा सातत्य अधिक मोलाचे आहे. तेव्हा यंत्रावरील कपडे आजच उतरवा, आसनावर बसा आणि पहिला जोर पायांनी लावा!