नांदूर मध्यमेश्वर, महामार्ग आणि काही पक्के गैरसमज

नाशिक रोड परिसरात सध्या जिथं जावं तिथं रस्त्यांचाच विषय आहे. समृद्धी महामार्ग सिन्नर-इगतपुरीवरून धावू लागला, सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी आपल्या जिल्ह्यातून झाली, कुंभमेळ्याच्या निमित्तानं रुंदीकरणं सुरू आहेत. अशा वेळी कुणी नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं नाव काढलं की वाद दोन वाक्यांत संपतो. एक बाजू म्हणते, "तिथं कायद्यानं वीटसुद्धा ठेवता येत नाही." दुसरी म्हणते, "चार पक्ष्यांसाठी आख्खा तालुका अडवून धरायचा का?" दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. त्यांच्या गलबल्यात खरा प्रश्न कुणी विचारतच नाही: पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि रस्ता त्याच्या आड येतो का?

"ते तर माणसानं अडवलेलं पाणी, त्यात जपण्यासारखं काय?" हे निफाड-सिन्नरकडे हमखास ऐकू येतं. पहिला भाग खरा आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. पण बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी पसरलं, बेटं आणि पाणगवत तयार झालं. चमचे, थापटे, वारकरी हे पक्षी आणि अधूनमधून रोहितही (फ्लेमिंगो) उतरतात ते या उथळपणामुळे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. 1986 मध्ये इथं अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 च्या जानेवारीत हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ असल्याचं जाहीर झालं. रामसरच्या नोंदीत इथल्या 536 प्रजाती आहेत. त्यांत देवळालीच्या नावानं ओळखला जाणारा, नष्ट होण्याच्या काठावर असलेला एक छोटा मासाही आहे. भरतपूरचं केवलादेवही माणसानंच पाणी अडवून घडवलेलं आहे. पाणथळीची किंमत ती कुणी तयार केली यावर ठरत नाही.

"रामसर म्हणजे परदेशी संस्थेचा ताबा." मुळीच नाही. इराणमधल्या रामसर शहरात 1971 मध्ये झालेल्या कराराची स्थळं त्या त्या देशानं स्वतःहून सुचवलेली असतात. करार मोडला म्हणून दंड नाही, शिक्षा नाही. उलट तातडीच्या राष्ट्रीय हितासाठी स्थळाची हद्द कमी करण्याची तरतूद करारातच आहे. मात्र त्याची भरपाई शक्य तेवढी करायची असते. म्हणजे रामसरचा शिक्का एकटा रस्ता थांबवू शकत नाही.

थांबवू शकतो तो आपलाच 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याचं कलम 29 प्रत्येकानं वाचावं असं मला वाटतं. अभयारण्यातला अधिवास नष्ट करू नये, एवढ्यावर ते थांबत नाही. तिथं येणारं किंवा तिथून जाणारं पाणी वळवणं, अडवणं, वाढवणं यालाही परवानगीशिवाय मनाई करतं. परवानगी मिळू शकते, पण ती राज्य आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळांपुढून जाते. म्हणून "वीटही ठेवता येत नाही" हे खरं नाही आणि "कागद झाला की झालं" हेही खरं नाही.

"खांबांवर पूल बांधला की प्रश्न मिटला." या समजात अर्धसत्य आहे, म्हणून तो जास्त धोकादायक. भराव टाकून केलेला रस्ता म्हणजे पाण्यात आडवा घातलेला बांधच. त्यात चार मोऱ्या ठेवल्या तरी पुराचं पाणी वर तुंबतं. सायखेडा, चांदोरीच्या लोकांना 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर हे समजावून सांगावं लागत नाही. दर पावसाळ्यात गंगापूर-दारणाचं पाणी नांदूर मध्यमेश्वरवरूनच जायकवाडीकडे जातं. तिथं वाट अरुंद झाली तर आधी बुडतील ती माणसांची घरं. भरावापेक्षा खांब निश्चित बरे. पण खांब उभारताना गाळ ढवळला जातो, तात्पुरते रस्ते टाकले जातात, आणि पूल झाल्यावर आवाज आणि दिव्यांचा उजेड कायमचा राहतो. शिवडीच्या चिखलभूमीवरून जाणाऱ्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूला म्हणूनच आवाज रोखणाऱ्या भिंती लावाव्या लागल्या. याच ठाणे खाडीत बुलेट ट्रेनसाठी मात्र सुमारे सात किलोमीटरचा बोगदा पाण्याखालून काढायचं ठरलं. खर्च जास्त, तरी अभयारण्य आणि खारफुटी वाचावी म्हणून. म्हणजे पर्याय असतात. ते आखणीच्या वेळी शोधावे लागतात.

"पक्षी काय, उडून दुसरीकडे जातील." नेरूळजवळच्या डीपीएस तलावाचं काय झालं ते आठवावं. तिथं तलाव कुणी बुजवला नव्हता. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं सुकत गेलं, आणि 2024 मध्ये भरकटलेले रोहित आसपासच्या रस्त्यांवर मरून पडले. पुढं 2025 मध्ये सरकारनं तो तलाव राखायचं ठरवलं. पक्षी उडू शकतात, पण उथळ पाणी त्यांच्याबरोबर उडत नाही. भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावण्यानंही ते तयार होत नाही. दलदलीची उणीव रोपवाटिका भरून काढत नाही.

"विरोध करणारे विकासाचे शत्रू." पोलंडमधल्या ऑगुस्तुफ गावातून ट्रकची रांग लागलेली असायची, लोक मरत होते, त्यांना वळणरस्ता हवाच होता. तो रोस्पुडा नदीच्या दलदलीतून आखला गेला आणि वाद युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला. शेवटी 2009 मध्ये मार्ग बदलला आणि 2014 मध्ये रस्ता खुला झाला, दलदल टाळून. गावकऱ्यांची मागणीही रास्त होती आणि दलदल वाचवणाऱ्यांचीही.

आता आपल्याकडची गोष्ट. नव्या महामार्गासाठी जनसुनावणी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार, जास्तीची जमीन न घेता होणाऱ्या जुन्या रस्त्याच्या रुंदीकरणाला जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे रुंदीकरणाची बातमी आली की लगेच आखणीचा नकाशा मागावा आणि त्यावर तीन गोष्टी शोधाव्यात: अभयारण्याची हद्द, पुराची रेषा, आणि रस्ता भरावावर आहे की खांबांवर. हरकत लेखी द्यावी, निविदा निघण्याआधी. खांब उभे राहिल्यावर दिलेल्या हरकतीला उत्तर मिळतं, पण रस्ता हलत नाही.