घनसमीकरणाचं मूळ शोधायचं कुठे?

आज कागद-पेन जवळ घ्या. बसमध्ये असाल तर हे समीकरण फोनच्या नोट्समध्ये टाका :

२क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ०

वर्गसमीकरण असतं तर सूत्र लावून मोकळे झालो असतो. इथे घन आहे. कॉलेजात असताना अशा वेळी मी सरळ अंदाज मारायचे. १ टाक, २ टाक, मग ४, ५, ७... पेपरातला बराच वेळ असाच गेलाय माझा. आणि गंमत म्हणजे ४, ५, ७ कडे बघायची गरजच नव्हती!

का ते बघू. समजा, एखादं मूळ परिमेय आहे. म्हणजे ते अ/छ असं लिहिता येतं. अ अंश, छ छेद, दोन्ही पूर्णांक. अपूर्णांक अतिसंक्षिप्त आहे, वरखाली सामाईक अवयव उरलेला नाही. क्षच्या जागी अ/छ ठेवा आणि सगळ्याला छ³ ने गुणा :

२अ³ − ३अ²छ − ११अछ² + ६छ³ = ०

आता जरा थांबून बघा. पहिल्या तिन्ही पदांत अ आहे. बेरीज शून्य, म्हणजे उरलेल्या ६छ³ लाही अ ने भाग जायलाच हवा. पण अ आणि छ मध्ये सामाईक काहीच नाही. मग भाग जाणार तो ६ लाच! उलट्या बाजूनेही तेच : शेवटच्या तीन पदांत छ आहे, म्हणून २अ³ ला छ ने भाग जातो, म्हणजेच २ ला.

झालं. अंश १, २, ३ किंवा ६, छेद १ किंवा २. यादी बनते ±१, ±२, ±३, ±६, ±१/२, ±३/२. फक्त बारा संशयित. ३ टाकून बघा : ५४ − २७ − ३३ + ६ = ०. सापडलं! आता बाकीचे तपासत बसू नका. नववीतला संश्लेषक भागाकार आठवतो? (क्ष − ३) ने भागलं की २क्ष² + ३क्ष − २ उरतं, त्याची मुळं १/२ आणि −२. दोन्ही यादीतलीच.

सहगुणक मात्र पूर्णांक हवेत. अपूर्णांक असतील तर आधी छेद घालवा. स्थिरपद शून्य असेल तर आधी क्ष बाहेर काढा.

आता माझी फजिती. परीक्षेत क्ष³ − २ = ० आलं होतं. यादी ±१, ±२. किमती आल्या −१, −३, ६, −१०. एकही शून्य नाही. मी ठसक्यात लिहिलं, ‘मूळ नाही’. अख्ख्या उत्तरावर लाल रेघ! अहो, मूळ आहे ना, २ चं घनमूळ, साधारण १.२६. यादी बोलते ती फक्त परिमेय मुळांबद्दल, हे मी विसरलेच होते.

पण त्याच चार किमतींनी एक भारी गोष्ट सिद्ध केली होती, जी मी लिहिलीच नाही. परिमेय मूळ असतं तर ते या चौघांतच असतं. चौघंही नापास, म्हणजे २ चं घनमूळ अपरिमेय. चार ओळींत सिद्धता! क्ष² − ५ = ० घेऊन √५ साठी हेच करून बघा, तिथेही चारच संशयित आहेत. भेटू पुढच्या भागात.